‘सोपा विषय’ म्हणणाऱ्यांना

मानसशास्त्र घेऊन बी.ए. करायला निघालेल्या मुलामुलींबद्दल आपल्या सुशिक्षित घरांत एक मत पक्कं बसलेलं आहे. हा विषय सोपा आहे. माणसांत राहणाऱ्या कुणालाही जे कळतं, तेच इथे जड शब्दांत सांगितलेलं असतं. मार्क कमी पडलेल्यांनी तो घ्यायचा, मुलींनी लग्न ठरेपर्यंत करायचा. तीन वर्षं घालवून हातात काही पडत नाही, कारण डॉक्टर तर होता येत नाही. मग एम.ए. करा, आणखी कसले कसले कोर्स करा, तेव्हा कुठे एखाद्या शाळेत तुटपुंज्या पगारावर समुपदेशक म्हणून लागा. शिवाय सगळे सिद्धांत परदेशातले, आपल्या माणसांना त्यांचा काय उपयोग? आणि ज्यांना हौसच आहे त्यांच्यासाठी मोबाईलवर सगळं फुकट पडलेलं आहे.

मी हा विषय एका जिल्ह्याच्या गावी पदवीच्या वर्गांना शिकवते. हे मत मी पालकांकडून ऐकते, दुसऱ्या विभागांतल्या सहकाऱ्यांकडून ऐकते. सगळ्यांत वाईट वाटतं ते टी.वाय.ला आलेल्या माझ्याच विद्यार्थ्यांच्या तोंडून ऐकताना. घरीदारी तेच कानावर पडून त्यांनाही ते खरं वाटायला लागलेलं असतं. मला हे मत नुसतं चुकीचं वाटत नाही, घातक वाटतं. त्याची किंमत मार्कांत आणि पैशांत तर मोजावी लागतेच, पण माणसांच्या जिवांतही मोजावी लागते.

सगळ्यांचा लाडका आक्षेप आधी घेते. माणसाच्या मनाबद्दल जे काही आहे ते अनुभवाने कळतंच, मग त्याचा अभ्यास कशाला?

ज्या गोष्टीवर महाराष्ट्रातलं प्रत्येक घर जीव टाकतं, त्याच गोष्टीवर हे तपासून पाहू: मुलांचा अभ्यास. धडा लक्षात कसा ठेवावा याबद्दल आपला अनुभव काय सांगतो? वाच, परत वाच, झोपायच्या आधी अजून एकदा वाच. दहावी-बारावीच्या वर्षी घराघरांत हाच मंत्र चालतो. अमेरिकेतल्या सेंट लुइसमधल्या वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आम्ही स्मृतीच्या प्रकरणात शिकवतो. एका गटाने एक उतारा चारही सत्रांत वाचला. दुसऱ्या गटाने तो पहिल्या सत्रात वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत उतारा बाजूला ठेवून आठवेल तेवढं कागदावर उतरवलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. त्यांना ८३ टक्के आठवलं, लिहून पाहणाऱ्यांना ७१ टक्के. आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं आणि लिहून पाहणाऱ्यांना ६१ टक्के. या प्रयोगातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट पुढे आहे. आठवड्यानंतर आपल्याला किती आठवेल असं आधी विचारलं होतं, तेव्हा जास्त खात्री वाटत होती ती पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांनाच.

अनुभव इथे अपुरा पडला असं म्हणून भागत नाही. अनुभवाने उलटी दिशा दाखवली. चौथ्यांदा वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो आणि त्या ओळखीलाच आपण ज्ञान समजतो. कित्येक पिढ्यांनी परीक्षा दिल्या, तरी हे घरबसल्या कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण ते लक्षात येण्यासाठी दोन गट करावे लागतात, आठवडाभर थांबावं लागतं आणि आकडे मोजावे लागतात. ज्याला तुम्ही कॉमन सेन्स म्हणता त्याच्याकडे यातलं काय आहे?

आता मार्कांवरून जिवाकडे येते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ माणसांनी आत्महत्या केली. राज्यांमध्ये सर्वाधिक संख्या महाराष्ट्राची होती, २२,७४६. देशभरातल्या या माणसांत १३ हजारांहून अधिक विद्यार्थी होते. आपल्या घरातलं कुणी ‘आता जगून काय करायचंय’ असं बोलायला लागलं, तर आपलं पिढीजात शहाणपण काय सांगतं? विषय काढू नका. नाव घेतलंत तर नसलेलं डोक्यात भराल. चांगलं बोला, देवाचं नाव घ्यायला सांगा, मन रमवा. मायेपोटी दिलेला हा सल्ला आहे आणि तो चुकीचा आहे. या प्रश्नावर झालेल्या संशोधनाच्या आढाव्यांत पुन्हा पुन्हा हेच दिसलं आहे की ‘जीव द्यावा असं मनात येतं का?’ असं थेट आणि शांतपणे विचारल्याने तो विचार वाढत नाही. उलट, एकट्याने वाहिलेलं ओझं बोलायला वाट मिळते आणि मदतीपर्यंत पोचता येतं. किती घरांत हा प्रश्न भीतीपोटी विचारला गेला नसेल? एस.वाय.ला शिकणारी एकोणीस वर्षांची मुलगी हे जाणते. मैत्रिणीला तो प्रश्न कसा विचारायचा, उत्तर ‘हो’ आलं तर तिला एकटं न सोडता कुणाला कळवायचं, टेली-मानस हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर कधी लावायचा, हे तिला ठाऊक असतं. ती डॉक्टर नाही. त्या रात्री त्या खोलीत डॉक्टर नसतोच, ती असते.

अनुभवावरच्या विश्वासाचं आणखी एक उदाहरण कोर्टातलं आहे. ‘मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं’ या वाक्यावर आपण माणसांना तुरुंगात पाठवतो. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ साली विद्यार्थ्यांना मोटारींच्या टकरीची फिल्म दाखवली आणि वेगाचा अंदाज विचारला. गाड्या एकमेकींवर ‘आदळल्या’ तेव्हा वेग किती होता, असं विचारलं तेव्हा सरासरी उत्तर ताशी ४० मैलांहून थोडं जास्त आलं. एकमेकींना ‘लागल्या’ तेव्हा, असं विचारलं तेव्हा ३१.८ मैल. फिल्म तीच, फक्त क्रियापद बदललं होतं. पुढच्या प्रयोगात आठवड्यानंतर विचारलं, फुटलेली काच दिसली होती का? फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती. तरी ‘आदळल्या’ हा शब्द ऐकलेल्या ५० जणांपैकी १६ जणांनी हो म्हटलं. पोलिसाने प्रश्न कसा विचारला यावर साक्षीदाराची आठवणच बदलत असेल, तर हे समजलेली माणसं पोलीस ठाण्यात, वकिलांच्या कचेरीत, बातमीदारांच्या टेबलावर असायला नकोत का?

आणि विज्ञानाचं नाव लावून आलेल्या प्रत्येक यंत्रापुढे मान तुकवायची नसते, हेही कुणीतरी शिकवायला हवं. २००८ साली पुण्याच्या सत्र न्यायालयात एका खून खटल्यात मेंदूच्या विद्युत-नोंदींचा अहवाल आरोपीविरुद्ध धरला गेला. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात नार्को, पॉलिग्राफ आणि ब्रेन मॅपिंग या चाचण्या संमतीशिवाय करता येणार नाहीत असा निर्णय दिला. मधल्या काळात टीव्हीवर जो उत्साह चालला होता, तो मला आठवतो. संशोधनपद्धतीचा पेपर दिलेल्या कुठल्याही विद्यार्थ्याने विचारले असते असे साधे प्रश्न आहेत. ही चाचणी किती जणांवर तपासली? निर्दोष माणसाला ती दोषी ठरवते असं शंभरात किती वेळा होतं? हे प्रश्न सुचणं ही तयारी आहे आणि ती घडवावी लागते.

ती कशी घडते ते ‘सोपा विषय’ म्हणणाऱ्यांनी एकदा येऊन बघावं. कला शाखेतली, गणिताला घाबरून इकडे आलेली मुलं आमच्याकडे सरासरी, प्रमाण विचलन, सहसंबंध, टी-चाचणी शिकतात. प्रयोगशाळेत आरशात बघून ताऱ्याची रेघ गिरवतात, निरर्थक शब्दावयव पाठ करून विसरण्याचा वेग मोजतात, एकमेकांचा प्रतिक्रिया-काल टिपतात. आपण ज्याला ‘मला वाटतं’ म्हणतो त्याला पुरावा लागतो, ही सवय हळूहळू अंगी मुरते. पहिल्या सत्रात जी मुलगी ‘मोठी भावंडं जबाबदारच असतात’ असं ठासून सांगते, तीच पाचव्या सत्रात ‘किती जणांवरून म्हणतेस?’ असं दुसरीला विचारते. मला यापेक्षा मोठं शैक्षणिक यश माहीत नाही.

परदेशी विषय असल्याच्या आक्षेपाकडे वळते. मला याचाच सर्वांत जास्त राग येतो, कारण तो अज्ञानातून येतो आणि स्वाभिमानाचा आव आणतो. कलकत्ता विद्यापीठात मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग १९१६ साली सुरू झाला. वुंट यांनी लाइपझिगला पहिली प्रयोगशाळा काढली ती १८७९ मध्ये. मधलं अंतर चाळीस वर्षांचंही नाही. १९३४ साली बिहारमध्ये महाभयंकर भूकंप झाला. त्यानंतर उठलेल्या अफवा जमुना प्रसाद यांनी गोळा केल्या आणि १९३५ मध्ये त्यांवर निबंध प्रसिद्ध केला. ज्या भागात धक्का जोरात जाणवला पण पडझड झाली नाही, तिथल्या अफवा दिलासा देणाऱ्या नव्हत्या. याहून मोठं संकट येणार आहे, असं त्या सांगत होत्या. अमेरिकेतल्या लिऑन फेस्टिंगर यांना याच गोष्टीने विचारात पाडलं. घाबरलेली माणसं आणखी घाबरवणारी बातमी का पसरवतील? त्यांनी लावलेला अर्थ असा: भीती आधीच होती, तिला दिसेल असं कारण नव्हतं, अफवेने ते कारण पुरवलं. १९५७ साली फेस्टिंगर यांचा मनातल्या विसंगतीचा जो सिद्धांत ग्रंथरूपाने जगभर गेला, त्याच्या मुळाशी बिहारमधल्या माणसांचं मन होतं.

आता हे वाचून १ जुलै २०१८ आठवा. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, अशी अफवा मोबाईलवरून पसरलेली होती. मंगळवेढ्याकडून आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने मारून टाकलं. भिक्षा मागत फिरणारी माणसं होती ती. पिढ्यान्‌पिढ्या गावोगाव हिंडणारी. त्यानंतर आपण काय केलं? मोबाईलला दोष दिला, गावाला अडाणी म्हटलं, पोलीस बंदोबस्त वाढवला. एखादी अफवा एखाद्याच गावात का पेटते, ज्याच्याविषयी आधीच संशय आहे त्याच समाजावर ती का कोसळते, गर्दीतल्या ज्या माणसाला आतून चुकतंय असं वाटत असतं तो गप्प का राहतो, या प्रश्नांची उत्तरं शोधायला मानसशास्त्राने ऐंशी-नव्वद वर्षं घालवली आहेत. ऑलपोर्ट आणि पोस्टमन यांचं अफवांवरचं काम १९४७ चं. गटाच्या दबावावरचे ॲश यांचे प्रयोग १९५०च्या दशकातले. आजूबाजूला जितके जास्त लोक तितकी मदतीला धावण्याची जबाबदारी विभागली जाते, हे डार्ली आणि लाताने यांनी दाखवलं १९६८ साली. हे सगळं पदवीच्या सामाजिक मानसशास्त्राच्या पेपरात आहे. साक्री तालुक्यातल्या तलाठ्याने, ग्रामसेवकाने, पोलीस पाटलाने, शाळेतल्या गुरुजींनी हे शिकलेलं असतं तर ती पाच माणसं वाचलीच असती असं मी म्हणू शकत नाही. पण अफवा पसरायला लागल्यावर पहिल्या दोन दिवसांत गावात काय बोलायचं, कुणाला पुढे करायचं, कुठली माहिती किती लवकर द्यायची, हे जाणणारं कुणीतरी तिथे असायला हवं होतं. हा विषय आपल्या माणसांच्या उपयोगाचा नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी राईनपाड्याचं नाव घेऊन मला ते सांगावं.

डॉक्टर होता येत नाही हा तिसरा आक्षेप. होता येत नाही, बरोबर आहे. मानसशास्त्रात बी.ए. झालेल्याने कुणावर उपचार करू नयेत. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेलं पुढचं प्रशिक्षण आणि नोंदणी लागते, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातली व्याख्याही तेच सांगते. मी हे एफ.वाय.च्या वर्गात पहिल्याच आठवड्यात सांगते. पण या एका वाक्यावरून पदवीच निकामी ठरवायची ही कुठली रीत? रसायनशास्त्रात बी.एस्सी. झालेल्या मुलाला कुणी विचारतं का, औषधं लिहून देता येत नाहीत तर तीन वर्षं काय केलंस? अर्थशास्त्राच्या पदवीधराला रिझर्व्ह बँकेचं व्याजदर ठरवायचं काम मिळालं नाही म्हणून कुणी त्याची पदवी वाया गेली म्हणतं का? ही कसोटी फक्त याच विषयाला लावली जाते.

आणि उपचारांच्या बाबतीतसुद्धा चित्र तुम्ही समजता तसं नाही. निम्हान्सच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक विकार असल्याचं दिसलं. यातल्या बहुतेकांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. आजारागणिक ही तूट ७० टक्क्यांपासून ९० टक्क्यांच्याही पुढे जाते. एवढ्या मोठ्या देशात लाख माणसांमागे एक मनोविकारतज्ज्ञही वाट्याला येत नाही. मग मधली जागा कोण भरणार? गोव्यात संगाथ या संस्थेने यावर काम करून दाखवलं आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, तीव्र नैराश्य असलेल्या रुग्णांबरोबर स्थानिक समुपदेशकांनी सहा ते आठ बैठकी घेतल्या. या समुपदेशकांकडे मानसिक आरोग्याचं पूर्वीचं शिक्षण नव्हतं. त्यांना नेमकं प्रशिक्षण दिलं होतं आणि त्यांच्या कामावर देखरेख होती. ‘लॅन्सेट’मध्ये २०१७ साली आलेला निष्कर्ष असा की तीन महिन्यांनी त्या रुग्णांपैकी ६४ टक्क्यांचं नैराश्य ओसरलं होतं, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत ते प्रमाण ३९ टक्के होतं. विदर्भात, शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे ज्याचं नाव देशभर झालं त्या भागात, ‘विश्राम’ प्रकल्पाने ३० गावांत गावपातळीवरचे कार्यकर्ते तयार केले. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण आधी ४.३ टक्के होतं. दीड वर्षाने ते २७.२ टक्के झालं.

म्हणजे तज्ज्ञ आणि शून्य यांच्यामध्ये कामाचा फार मोठा पट्टा आहे. तिथे माणूस लागतो, ऐकण्याचं शिक्षण लागतं, आपली मर्यादा कुठे संपते याचं भान लागतं आणि वर देखरेख करणारं कुणीतरी लागतं. पूर्वतयारी नसलेली माणसं थोड्या आठवड्यांच्या प्रशिक्षणाने इतकं करू शकत असतील, तर विकासाचे टप्पे, विकारांची लक्षणं, मुलाखतीचं तंत्र आणि नीतिनियम तीन वर्षं शिकलेले पदवीधर तिथे कुठवर पोचतील? शाळा, आरोग्य केंद्रं, व्यसनमुक्ती केंद्रं, वृद्धाश्रम, कारखाने, हेल्पलाइन, बालगृहं. या सगळ्या ठिकाणी जागा निर्माण केलेल्या नाहीत, हा दोष सरकारचा आणि समाजाचा आहे. तो पदवीच्या माथी का मारता?

जागा रिकामी ठेवली की ती रिकामी राहत नाही. बोटांचे ठसे घेऊन मुलाची बुद्धिमत्ता आणि करिअर सांगणारी ‘डीएमआयटी’ नावाची चाचणी आपल्या शहरांत आणि तालुक्याच्या गावांतही विकली जाते. तिला कसलाही शास्त्रीय आधार नाही. डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवणारे ‘मिडब्रेन ॲक्टिव्हेशन’चे वर्ग झाले. काही आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स करून ‘सर्टिफाइड थेरपिस्ट’ अशी पाटी लावणारे झाले. त्याहीपलीकडे अंगातलं भूत उतरवणारे बाबा आहेतच, आणि त्यांच्याकडे साखळीने बांधलेल्या माणसांचं काय होऊ शकतं हे २००१ साली तमिळनाडूतल्या एरवाडीला २८ जण आगीत जळून मेले तेव्हा देशाने पाहिलं. या सगळ्यांकडे पैसे मोजून कोण जातं? मानसशास्त्रात शिकण्यासारखं काही नाही असं मुलीला सांगणाऱ्या घरांतली माणसं जातात. मुलगी तो विषय शिकली असती तर तिने घरातल्या धाकट्याच्या ठशांचा अहवाल हातात घेऊन एकच प्रश्न विचारला असता: या चाचणीची विश्वसनीयता आणि सप्रमाणता कुणी तपासली? तेवढ्या प्रश्नाने घरातले काही हजार रुपये वाचले असते. धाकट्याच्या कपाळी कुठला शिक्काही बसला नसता.

‘पोरींचा विषय’ म्हणणाऱ्यांशी मी फार वेळ वाद घालणार नाही. माझ्या वर्गात मुली जास्त आहेत हे खरं. मुली जास्त असल्याने विषय हलका ठरतो, असं ज्यांना वाटतं त्यांचा आक्षेप विषयावर नाहीच, मुलींवर आहे. घरातल्या आजाऱ्याला, म्हाताऱ्याला, रडणाऱ्या पोराला सांभाळणं हे बाईने फुकट करायचं काम आहे, त्यात ज्ञान नाही, त्याला मोबदला नाही, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत इथे कॉलेजच्या प्रवेश अर्जापर्यंत आली आहे. याची खरी झळ मुलग्यांनाही बसते. नैराश्याने पिचलेला, बोलता न येणारा पुरुष आपल्या राज्यात थोडा नाही, आणि आत्महत्या करणाऱ्यांत पुरुषांची संख्या स्त्रियांहून कितीतरी जास्त आहे. त्या पुरुषांशी बोलू शकतील असे मुलगे वर्गात हवे आहेत. त्यांना ‘पोरींचा विषय’ म्हणून बाहेर ठेवणारे कुणाचं भलं करताहेत?

मोबाईलवर सगळं आहे, हे मात्र मी गंभीरपणे घेते, कारण तिथे खरोखर पुष्कळ आहे. ट्रॉमा, टॉक्सिक, नार्सिसिस्ट, ओसीडी हे शब्द आता अकरावीच्या मुलांच्या बोलण्यात आहेत. दोन दिवस उदास वाटलं की डिप्रेशन आणि कपाट नीट लावलं की ओसीडी. ज्याला खरंच आजार आहे त्याचं दुखणं या स्वस्त वापराने झाकलं जातं. पदवीच्या वर्गात विद्यार्थी शिकतो की नैराश्याचं निदान करताना लक्षणं किती, किती दिवस आणि त्यामुळे रोजचं जगणं किती अडलं, हे पाहावं लागतं. निदान दोन आठवड्यांचा काळ आणि एकत्र दिसणारी अनेक लक्षणं. तो हेही शिकतो की या शास्त्राने स्वतःच्या चुका जगासमोर मांडल्या आहेत. मानसशास्त्रातले १०० प्रकाशित अभ्यास पुन्हा करून पाहिल्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये जाहीर झाले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांनी लक्षणीय निष्कर्ष सांगितले होते, पुन्हा केल्यावर ते सुमारे ३६ टक्क्यांतच मिळाले. १९७१ चा स्टॅनफर्ड तुरुंग प्रयोग रीलमध्ये आजही अंतिम सत्य म्हणून सांगितला जातो. वर्गात त्याच्यावरचे गंभीर आक्षेप शिकवावे लागतात. काही जण याचाच आधार घेऊन म्हणतात, बघा, तुमचं शास्त्रच कच्चं. मी उलट विचारते, स्वतःचे शंभर दावे पुन्हा तपासून त्यांतले निम्म्याहून जास्त टिकले नाहीत असं जाहीर करणारा एक तरी ज्योतिषी, एक तरी प्रेरणादायी वक्ता, एक तरी डीएमआयटीवाला दाखवा.

एक गोष्ट मला मान्य आहे, आणि ती आक्षेप घेणारे कधी बोलत नाहीत. हा विषय पुष्कळ ठिकाणी वाईट शिकवला जातो. गाईडमधून टिपणं उतरवून दिली जातात. प्रात्यक्षिकाचं जर्नल मागच्या वर्षीच्या मुलीचं बघून भरलं जातं. प्रयोगशाळेचं कुलूप परीक्षक येण्याच्या आदल्या दिवशी उघडतं. वर्षानुवर्षं रिकाम्या राहिलेल्या पदांवर तासिका तत्त्वावर माणसं नेमली जातात. ती तीन कॉलेजांत धावत तास घेतात आणि उन्हाळ्यात त्यांना पगार नसतो. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला नीट समजेल असं संशोधनपद्धतीचं पुस्तक शोधावं लागतं. यावर संतापा. माझ्याबरोबर संतापा. पण ज्या विषयाची प्रयोगशाळा बंद ठेवली त्याला निरुपयोगी म्हणू नका. विषय सोपा आहे हा समज आणि ही हेळसांड एकमेकांना पोसतात. सोपा म्हणायचं, म्हणून पैसे आणि माणसं द्यायची नाहीत, आणि मग विद्यार्थी कच्चे निघाले की सोपाच होता म्हणायचं.

शेवटी अशा कामाबद्दल बोलते जे दुसरं कुणी आपल्यासाठी करणार नाही. आपल्या मुलांची बुद्धी आपल्या भाषेत मोजता यावी म्हणून व्ही. व्ही. कामत यांनी १९३०च्या दशकात बिने चाचणीचं मराठी आणि कन्नड मुलांसाठी रूपांतर केलं. त्यासाठी शेकडो मुलांसमोर बसून प्रश्न बदलले, वयानुसार निकष ठरवले. १९४० साली त्यांचं त्यावरचं पुस्तक आलं. पुढे नागपूरच्या ए. जे. मालिन यांनी वेक्स्लर यांच्या मुलांसाठीच्या चाचणीचं भारतीय रूप तयार केलं. या जुन्या चाचण्या आजही वापरात आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने विशिष्ट अध्ययन अक्षमतेला दिव्यांगत्वाच्या यादीत जागा दिली, म्हणजे एखाद्या मुलाला परीक्षेत सवलत मिळणार की नाही हे आता अशा चाचण्यांवर अवलंबून आहे. आता मेळघाटातलं एक पोर डोळ्यांसमोर आणा. घरी कोरकू बोलतं, शाळेत मराठी ऐकतं, आणि त्याच्यापुढे शहरातल्या मुलांच्या निकषांवर बेतलेली शब्दसंग्रहाची चाचणी ठेवली जाते. येणारा आकडा त्याच्या बुद्धीचा असतो की भाषेच्या अंतराचा? गडचिरोलीतल्या माडिया मुलाचं काय? धडगावच्या पावरी मुलीचं काय? त्यांच्यासाठी निकष कुणी बनवायचे?

पुण्या-मुंबईत बसून ते बनणार नाहीत. त्यासाठी कोरकू घरात वाढलेली, त्या मुलांच्या आईशी तिच्या भाषेत बोलू शकणारी, प्रमाण विचलन काढता येणारी आणि ‘किती जणांवरून म्हणता?’ असं मोठ्यांनाही विचारायला न कचरणारी माणसं लागतील. अशी एखादी मुलगी या जूनमध्ये धारणीहून किंवा चिखलदऱ्याहून येऊन आमच्यासारख्या एखाद्या कॉलेजच्या खिडकीशी उभी राहील आणि अर्जावर मानसशास्त्र लिहील. तिला त्यात शिकायचं काय असं विचारू नका. तिला प्रवेश द्या, उघडी प्रयोगशाळा द्या, मराठीत वाचता येतील अशी पुस्तकं द्या आणि तिच्यासमोर पूर्ण पगारावर नेमलेला शिक्षक उभा करा.